पाचवं नाव

कागद आधी दाखवा, मी म्हटलं,
शिडी मागाहून लावा.

मल्लेश अण्णिगेरी हसला.
"काय ओ बाई, कौलं चाळायचीत
का लग्न ठरवायचंय?"

हसू दे.
नऊ वर्षांमागं खानापुरात, याच आढ्याखाली
मी दोनशे रुपयांवरून घासाघीस केली होती,
बाजारात मेथीच्या जुडीवर करावी तशी.
"माणसं कशाला चार,
एकट्यानं होतंय की," भरमा बिर्जे म्हणाला,
आणि मला ते स्वस्त वाटलं.

वाशाला आतून वाळवी होती.
आधी कौलांचा आवाज आला,
मग त्याचा.
ओरडला ते मराठीत नव्हतं, कन्नडात नव्हतं.

रिक्षा, सरकारी दवाखाना,
मग बेळगावचं सिव्हिल.
तिथल्या बाकावर शांतव्वा
डबा मांडीवर घेऊन बसलेली, न उघडलेला.
माझ्या पाटल्या गेल्या.
त्या पैशांना मदत म्हणावं तर तोंड होत नव्हतं,
भरपाई म्हणावं तर पुरत नव्हते.
ती काही बोललीच नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

भरमा आता कमरेतून वाकून चालतो,
स्टेशनरोडला दिसतो.
"बरं हाय न्हवं?" विचारतो
तोच मला.

म्हणून कागद.
विम्याचा, या सालचा, मुदत न संपलेला.
माणसं वर असताना माणसांचा,
आणि त्यांच्या हातून शेजारच्या अंगणात
कौल सुटलं तर त्याचाही.
कागद इंग्रजीत, शिक्का कन्नडात.
धाकटी सून अळणावरची, तिनं दोन्ही वाचलं,
मला मराठीत सांगितलं.
कामगार : चार. नावं खाली.
मग वरच्या नंबराला फोन लावला तिनं.
चालू आहे, म्हणाले.
मल्लेश चहा फुंकत बसला होता.
"माझ्या सासऱ्यानं बी इतकं विचारलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सातला शिडी लागली.
मी खालून मोजत राहिले.
बसवाणी. नागोजी. इरफान.
कमरेला दोर बांधत थोरला कल्लाप्पा.
आणि त्यांच्यामागं एक पोरगं,
विटक्या टी-शर्टातलं, अनवाणी.

"नाव काय रे तुझं?"
"सिद्राय."
"कुणाचा?"
त्यानं खाली बघितलं.
"भरमा बिर्जेचा."

"उतर."

"मला येतंय ओ, बाई.
बाबांसारखा आंधळा पाय नाही ठेवत मी."

मल्लेश तापला.
पोराचा रोज बुडतोय,
पाचवा हात नसला तर दोन दिवस वाढतील,
एका दिवसात काय आभाळ कोसळतंय?
मी म्हटलं, आभाळ नाही.
रोज मी देते. पण खाली बसून.

सिद्राय खाली बसला.
उतरवलेली कौलं एकेक मांडीवर घेऊन
काथ्याच्या ब्रशानं शेवाळ घासत राहिला,
मागचा कारखान्याचा शिक्का दिसेपर्यंत.
माझ्याकडं बघितलं नाही.
दुपारी भाकरी दिली, पाठमोरा होऊन खाल्ली.
एकदा वाटलं, चढू द्यावं.
अठराचं पोर, सगळ्यांसमोर
घरात ठेवल्यासारखं करतेय मी त्याला.
तेवढ्यात वरून नागोजी ओरडला,
"हा वासा बदलाय लागतंय बगा,
पोकळ हाय!"

साडेचारला मल्लेश बेळगावहून परत आला,
घामानं भिजलेला, पुरवणी कागद खिशात दुमडून.
"घ्या. घातलं नाव. समाधान?"

सुनेनं उलगडला, उन्हात धरला.
पोरगं आधीच उठलं होतं.
हात पँटीला पुसले,
एक पाय शिडीच्या पहिल्या दांडीवर.

सून वाचता वाचता थांबली.
मल्लेशकडं बघून मी विचारलं,
"हा सिद्राम कोण?"